काढून टाकलेले पाटे

पारशिवनीत आमचे बिछायत केंद्र आहे. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बिछायत केंद्र म्हणजे लग्नकार्याला मांडव, सतरंज्या, खुर्च्या, देगा आणि भांडी भाड्याने देणारे दुकान. हे सामान गावोगावी पोचवायला आमच्याकडे महिंद्राची एक पिकअप आहे. २०१० साली नोंद झालेली, एमएच-४० पासिंगची. रोज चालते. सकाळी करंभाड, दुपारी नयाकुंड, रात्री कन्हान असा तिचा दिवस असतो. मांडवाचे काम नसेल तेव्हा कामठीहून किराणा नाहीतर नागपूरच्या कळमना बाजारातून कुणाचे तरी कांदे आणते.

"भाईजान, आता नवी घ्या ना," असे मला महिन्यातून दोनदा तरी ऐकावे लागते. नव्या गाडीचा हप्ता दर महिन्याला येतो, मांडवाचा हंगाम मात्र दर महिन्याला येत नाही. चातुर्मासात हिंदू घरांतली लग्ने थांबतात, रमजानमध्ये आपली. त्या दिवसांत खुर्च्या गोदामात एकावर एक रचलेल्या असतात आणि बँकेला त्याचे काही देणेघेणे नसते. शिवाय मरहूम अब्बांनी आयुष्यात व्याजाचे कर्ज घेतले नाही. मला ते मोडायचे नव्हते. म्हणून जुनीच घ्यायची, तीच नीट ठेवायची, असे घरात ठरले.

२०१८ साली ती काटोलकडच्या एका संत्रा व्यापाऱ्याकडून घेतली. विकणारा मोठ्या अभिमानाने सांगत होता की गाडी त्याने "मजबूत करून" ठेवली आहे. मागे प्रत्येक बाजूला कमानपाट्यांचे दोन-दोन जादा पाटे टाकले होते. टायर कंपनीच्या मापापेक्षा मोठे होते. केबिनवर लोखंडी जाळी वेल्ड केलेली, हौद्याच्या पत्र्यात बाक बसवण्यासाठी पाडलेली आठ भोके, आणि भोंगा असा की म्हैस रस्ता सोडून शेतात उतरावी. मी कामठीच्या उस्तादांना सोबत नेले होते. उस्ताद गाडीखाली सरकले, बराच वेळ आतच राहिले, आणि बाहेर येऊन कपडे झटकत म्हणाले, "इंजन में जान है, लेकिन इसको मजबूत नहीं किया भाई, इससे जबरदस्ती किए हैं." किंमत त्या वाक्यावर खाली आली.

जुनी गाडी सुधारायची म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी नवे जोडणे येते. माझ्या गाडीचे पहिले सहा महिने आधीच्या माणसाने जोडलेले काढण्यात गेले. पैसे देऊन काढण्यात, हे विशेष.

पाट्यांचे उदाहरण घ्या. कमानपाटे म्हणजे एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या. वजन पडले की त्या सपाट होतात, उतरले की पुन्हा वाकतात. कंपनीने त्यांची संख्या अॅक्सल, चासी, ब्रेक आणि टायर यांचा मिळून हिशेब करून ठरवलेली असते. जादा पाटे टाकले की गाडी मागून उंच होते आणि दीड-दोन टन माल भरूनही बसत नाही. मालकाला वाटते गाडीची ताकद वाढली. वाढलेली असते फक्त पाट्यांची. अॅक्सल तोच, हबचे बेअरिंग तेच, ब्रेकचे ड्रम तेच. रिकाम्या गाडीत धक्के सरळ चासीवर जातात, म्हणून रिबिटे सैल होतात आणि चासीला तडा जातो.

ब्रेकची गोष्ट याहून वाईट. पुष्कळ पिकअपांना मागच्या अॅक्सलपाशी एक व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा अॅक्सलला जोडलेला असतो. माल भरून गाडी खाली बसली की दांडा वर उचलला जातो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाके जाम होऊन घसरत नाहीत. आता जादा पाट्यांमुळे गाडी बसतच नसेल तर या व्हॉल्व्हला काय कळणार? भरलेली गाडी त्याला रिकामीच वाटते. मागचा ब्रेक हलका लागतो, थांबायला अंतर जास्त लागते. आमच्या गाडीत कुणीतरी त्यावर तोडगा म्हणून तो दांडा तारेने वर बांधून टाकला होता. त्यामुळे भरलेली गाडी थांबायची, पण पावसात रिकामी गाडी मागून सरकायची. एका बदलाने दुसरा बदल मागितला, तो असा. उस्तादांनी जादा पाटे काढले, उरलेल्यांची कमान भट्टीत सरळ करून घेतली, यू-बोल्ट नवे टाकले, तार कापली आणि दांड्याचे माप पुन्हा बसवले. टायर मूळ मापाचे आणले. मोठ्या टायरांनी क्लचवर ताण येत होता आणि स्पीडचा काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवत होता.

काढलेले पाटे भंगारात दिले नाहीत. त्यांच्यापासून मांडवाच्या खुंट्या ठोकायला दोन पहारी करून घेतल्या. त्या अजून चालतात.

पाटे काढल्यावर आमच्या सामानाचा हिशेब मात्र बदलला, आणि तो घरात सोपा गेला नाही. आरसीप्रमाणे गाडी १,२५० किलो माल वाहू शकते. एक प्लास्टिकची खुर्ची आमच्या काट्यावर अडीच किलो भरते, म्हणजे ३०० खुर्च्यांचे ७५० किलो झाले. पंधरा फुटी पाइप १४ किलोचा, असे ४० पाइप म्हणजे ५६० किलो. एवढ्यातच १,३१० झाले, आणि अजून देगा, सतरंज्या, पडदे गोदामातच आहेत. आधीचा मालक हे सारे एका खेपेत नेत असणार. आम्ही दोन खेपा करतो. धाकटा भाऊ म्हणायचा, डिझेलचा भाव काय, आणि आपण दुप्पट फिरतो. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही भाड्याच्या दरात खेपेचा खर्च वेगळा दाखवायला लागलो, त्यामुळे काही गिऱ्हाइके गेली. सरकारी दंडाचा धाक आहेच. जास्त वजनाला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा दंड आहे. पण खरे सांगायचे तर आमडी फाट्यावर महामार्गाला लागताना समोरून रेतीचा टिप्पर येतो, तेव्हा मला दंड आठवत नाही, ब्रेक आठवतो.

या रस्त्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आमच्या तालुक्यात गोंडेगाव, इंदर अशा वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत, कन्हान आणि पेंच या नद्यांची रेती आहे. कोळशाची धूळ आणि रेतीची धूळ दोन्ही एअर फिल्टरमध्ये येतात. पुस्तकात लिहिलेल्या अंतरावर फिल्टर बदलून इथे भागत नाही. मी दर जुम्याला सकाळी फिल्टर काढून झटकतो, हवा मारतो, आणि पुस्तकाच्या निम्म्या अंतरात नवा टाकतो. बारीक रेती इंजिनात गेली की लायनर आणि रिंगा घासते. काळा धूर आला तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा आला तर ऑईल जळते आहे, पांढरा बराच वेळ राहिला तर डिझेल नीट पेटत नाही किंवा पाणी आत जाते आहे. उस्तादांच्या गॅरेजमध्ये दहा वर्षांचा पोरगाही एवढे सांगतो. त्या पोराला कुणी शिकवलेले नसते. तो पाने हातात देत उभा राहतो, बारा-तेराचा मागितला की बारा-तेराचाच देतो, आणि चार वर्षांत शागीर्दाचा कारागीर होतो. (तो शाळेत असायला हवा, हे मी उस्तादांना दोनदा बोललो. आता तो दुपारनंतर येतो.)

उन्हाळ्याचे वेगळे. नवतपात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि जुन्या गाड्यांच्या बोनेटमधून वाफा निघतात. यावर इकडचा सर्रास इलाज म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणे. आमच्या गाडीतूनही तो गायब होता. थर्मोस्टॅट हे पाण्याच्या वाटेवरचे एक झाकण. इंजिन तापेपर्यंत ते बंद असते, मग उघडते. ते नसले की डिसेंबरातल्या सकाळी इंजिन योग्य तापमानाला येतच नाही, डिझेल जास्त खाते आणि आतून लवकर झिजते. उन्हाळ्यात गाडी तापायचे कारण निराळेच होते. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसला होता. उस्तादांनी रेडिएटर खोलून सळईने साफ करवला, फॅनबेल्ट बदलला, कूलंट भरले आणि थर्मोस्टॅट जागेवर बसवला. त्यानंतरच्या मे महिन्यात भरली गाडी मनसरपर्यंत गेली आणि काटा मधल्या खुणेवरून हलला नाही.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मांडवाचा धंदा एका रात्रीत बंद पडला. गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त बिघडते हे तेव्हा पटले. उंदरांनी वायरिंग खाल्ले, ब्रेकचे सिलिंडर जाम झाले, बॅटरी मेली, टाकीच्या तळाशी गाळ बसला. काम पुन्हा सुरू झाले तोवर इंजिनही थकले होते. ऑईलचे झाकण उघडले की धूर भकभकायचा, आणि आठवड्याला अर्धा लिटर ऑईल कमी व्हायचे. उस्तादांनी हाफ इंजिन सांगितले. म्हणजे हेड उतरवून पिस्टन, रिंगा, लायनर आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग नवे, व्हॉल्व्ह घासून बसवायचे. क्रँक मोजला तो चांगला निघाला, नाहीतर फुल इंजिन झाले असते. खर्च ४६ हजार.

त्याच महिन्यात मोठ्या मुलीचा फार्मसीचा प्रवेश होता. घरात पैसे एकाच कामापुरते होते. माझा सरळ विचार असा की गाडी चालली तर फी निघेल. पत्नीने वही पुढे ठेवली आणि म्हणाली, "गाडी तीन आठवडे थांबेल, प्रवेशाची तारीख थांबणार नाही." आम्ही आधी फी भरली. तीन आठवडे भाड्याच्या छोट्या हत्तीवर सामान नेले, जे सुटले ते बैलगाडीने नेले. नंतर हळूहळू हेड उतरले. नव्या रिंगा बसल्यावर पहिले १,००० किलोमीटर ५० च्या वर वेग नेला नाही, पूर्ण भार टाकला नाही, आणि मग ऑईल बदलले. ती मुलगी आता गावी आली की माझ्याआधी बोनेट उघडते.

या काळात एकाने सुचवले होते की नागपुरातल्या भंगारातून दुसऱ्या मोठ्या गाडीचे इंजिन मिळते, ते बसव, ताकदही वाढेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच जातीचे इंजिन बदलायचे तरी परवानगी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते. कायदा नसता तरी मी ते केले नसते. मोठे इंजिन बसवले की गिअरबॉक्स, क्लच, ब्रेक सगळे पुन्हा कमी पडते आणि आपण तारेने दांडा बांधणाऱ्याच्या रांगेत जातो.

म्हणून हाताने गाडी घडवणाऱ्यांविषयी मला आदर नाही असे नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांपासून, किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. यशवंतराव चव्हाणांचा जन्म ज्या गावचा, तेच हे देवराष्ट्रे. २०२१ च्या अखेरीस आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नाही हेही म्हटले. तिच्या बदल्यात लोहार यांना बोलेरो देण्याची तयारी दाखवली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिली. गुण ओळखला आणि रस्त्यावरचा धोकाही ओळखला, हे मला बरे वाटले. याच कंपनीची एक गोष्ट आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. २ ऑक्टोबर १९४५ रोजी ती लुधियानात सुरू झाली तेव्हा नाव होते महिंद्रा अँड मोहम्मद. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. उस्तादांना हे सांगितले तेव्हा ते गाडीखालूनच हसले आणि म्हणाले, "नाव गेले तर गेले, पाना आपल्याच हातात आहे."

गंजाचे काम मी स्वतः शिकलो. हौद्याचा तळ सडला होता. बाकांच्या भोकांतून पाणी आत जाऊन चासीच्या वर साचत होते. सडका भाग कापून चेकर प्लेट टाकली, भोके बंद केली, खालून प्रायमर आणि काळा रंग मारला. चासीला मात्र वेल्डिंगची कांडी लावू दिली नाही. तिचे पोलाद तापवलेल्या जागी कमजोर होते. पेंचकाठी नयाकुंडला उत्खननात लोखंड वितळवण्याची अडीच हजार वर्षांहून जुनी भट्टी सापडली आहे. तिथून खेप घेऊन जाताना कधी कधी वाटते, आमच्या तालुक्यातली माणसे तेव्हापासून गंजाशीच भांडत असतील.

आता बाकांविषयी. ती आठ भोके बंद केली म्हणूनच आमच्या घरात गेल्या तीन वर्षांपासून एक अबोला आहे.

चाचांच्या मुलाची बारात खाप्याला जायची होती. चाचांचे म्हणणे, हौद्यात सतरंजी टाकू, कडेला बाक लावू, तीस माणसे आरामात जातील. बाराती, उरूस, इज्तेमा, कापूस वेचायच्या बाया, सगळे पिकअपमध्येच जातात, त्यात नवे काय? मी नाही म्हणालो. चाचा म्हणाले, "गाडी घरची, मांडव घरचा, आणि फक्त बारातच परकी?" माझ्याकडे त्याला तेवढ्याच तोडीचे उत्तर नव्हते. मी कागदाचे उत्तर दिले. मालवाहू गाडीचा विमा चालकाला आणि मालासोबत असलेल्या मालधन्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला धरतो, हौद्यात बसवलेल्या पाहुण्यांना नाही. डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. म्हणजे अपघात झाला तर मेलेल्यांच्या घरच्यांना भरपाई मालकानेच द्यायची. चाचांना कागदाचा राग आला. "तू आमच्या मरणाचा हिशेब करून बसलास," ते म्हणाले.

हिशेब मी केला होता, हे खरे. तीस माणसे हौद्यात उभी किंवा बसलेली म्हणजे जवळपास दीड टन, आणि तेही हलते वजन. वळणावर सगळे एका बाजूला झुकतात, आणि उंचावर असतात म्हणून गाडी कलंडायला सोपी. धरायला काही नाही. मागचा फाळका उघडला तर थेट रस्ता. मी दोन काळी-पिवळी ठरवल्या, त्यातल्या एकीचे भाडे दिले. देगा, खुर्च्या आणि आहेर पिकअपने नेले. निकाह वेळेवर झाला. चाचा त्या दिवशी माझ्याशी बोलले, नंतर नाही. ईदला मी त्यांच्याकडे जातो, चाची शीरखुर्मा देते, चाचा आतल्या खोलीत असतात. त्यांचा मुलगा, ज्याचे लग्न झाले तो, कधी कधी आमच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून येतो. तो बापाला काही सांगत नाही.

आमचे कामगारही हौद्यात बसत नाहीत. केबिनमध्ये ड्रायव्हर धरून दोनच माणसे, बाकीचे दोघे मोटारसायकलने मागून येतात आणि पेट्रोल दुकानाचे. सुरुवातीला ते म्हणायचे, शेठ, पाइपांवर बसून मस्त हवा लागते. आता म्हणत नाहीत. शेजारच्या गावात एका दुसऱ्याच गाडीवरून एक पोरगा पडला, त्यानंतर.

जोडलेले काहीच नाही असे नाही. जे रोज वापरायचे त्यातले थोडे जोडले. हौद्याच्या आत रबरी चटई, म्हणजे देगा खणखणत नाहीत. दोर बांधायला कडेच्या कड्या. पाइप घरंगळू नयेत म्हणून सागाचा एक उचलून ठेवता येणारा घोडा, पाचर मारून बसवायचा. सीटमध्ये आमच्या सोफावाल्याने काथ्या आणि फोम भरला, वर कापडी खोळ, कारण रेक्झिनवर मे महिन्यात पाठ भाजते. अडकलेले सीटबेल्ट बदलले. मागे चमकती पट्टी, पुढे उच्च सुरक्षा नंबर प्लेट. म्हशीला घाबरवणारा भोंगा काढून साधा हॉर्न. हेडलाइटला मात्र पांढऱ्याशुभ्र एलईडी लावू दिल्या नाहीत. धाकट्याला त्या फार हव्या होत्या. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याच्या डोळ्यांत त्या सुईसारख्या घुसतात.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावे लागते, पर्यावरण कर वेगळा. यंदाच्या तपासणीत ब्रेक दोन्ही बाजूंना सारखा लागला आणि धुराचे प्रमाण मर्यादेत आले. पत्नीने वहीत तारीख लिहिली, खाली पुढची कामे लिहिली. डिफरन्शियलचे सील ओले दिसते, उजव्या पुढच्या चाकाचे बेअरिंग ४० च्या वेगाला गुणगुणते, मागचे दोन टायर पावसाळ्याआधी. सील आणून ठेवले आहे. रविवारी टेकाडीचे मांडव उतरले की उस्तादांकडे जाईन.